कॅसेटवरचा कोंबडा

दुपारच्या मावशींना गावातले लोक तोंडावरून नव्हे, आवाजावरून ओळखायचे. बाजारात भाजीची जुडी हातात घेऊन त्यांनी "ही कालची दिसतेय हो" एवढं म्हटलं, की शेजारची बाई गर्रकन वळायची. "अगंबाई! रेडिओवरच्या मावशी ना तुम्ही?" मावशींना ते आवडायचं. नाही कशाला म्हणा? रंगांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत भरणारं ते चिमुकलं रेडिओ केंद्र होतं, आणि त्यावर जेवणं उरकल्यानंतरचा एक तास मावशींचा होता. घरात बसून असणाऱ्यांसाठीचा तास. कपड्यांवरचे डाग, गुडघ्यांचे शेक, हरवलेली मांजरं, सापडलेल्या छत्र्या आणि मधूनमधून जुनी, मऊ, उशीसारखी गाणी. कितीतरी म्हातारी माणसं त्या गाण्यांवर डुलकी काढायची आणि तसं मोकळेपणी कळवायचीही.

अशा या तासात हेवी मेटल घुसलं, त्याला कारण केंद्रातला एक तरुण निवेदक. त्याने मोठ्या हौसेने सहा भागांची मालिका जुळवली होती, 'हेवी मेटलची कहाणी'. जाहिराती वाजून झाल्या, वाद्यांच्या दुकानदाराने मालिका पुरस्कृत केली, आणि निवेदकाला मोठ्या शहरातल्या केंद्रावर नोकरी लागली. तो गेला. त्याची संध्याकाळची वेळ फुटबॉलच्या सामन्यांनी खाल्ली. उरली मालिका आणि उरला मावशींचा तास.

केंद्रप्रमुख बाईंनी मावशींना खोलीत बोलावून खुर्ची दिली, तेव्हाच मावशींच्या मनात पाल चुकचुकली. या बाई एरवी उभ्याउभ्याच बोलत.

"मावशी, तेवढी मालिका तुम्ही करा."

"बाई, जड धातू म्हणाल तर मला आमच्या घरचं तांब्याचं पातेलं माहीत आहे. तेही उचलताना कंबर धरते."

"तुम्ही शाईच्या डागावर बोलता, तर लोक काम टाकून ऐकतात. तुम्हाला काय अवघड आहे?"

कौतुकापुढे भलेभले विरघळतात. मावशींच्या तोंडून 'बघते' निघालं आणि बाईंनी त्याचा 'हो' करून टाकला. जिना उतरताना मावशींना घाम फुटला. अर्ध्या जिन्यात त्यांना भावजी आठवले आणि त्या कठड्याला धरून थांबल्याच. बुडत्याला काडी सापडावी तसं झालं. पण ती काडी गेली कित्येक वर्षं त्यांच्याच डोक्यावर राहत होती.

मावशींचं घर दुमजली. खाली त्या आणि त्यांचे यजमान. यजमान घड्याळं दुरुस्त करत, म्हणून त्यांना सगळे घड्याळजी म्हणत. पुढच्या खोलीत त्यांचं दुकान. वर घड्याळजींचे धाकटे भाऊ, म्हणजे मावशींचे दीर. पाण्याच्या झडपा बनवणाऱ्या कारखान्यात ते लेथवर पितळ कापत. लग्न केलं नव्हतं. जेवायला खाली येत, ताट धुऊन ठेवत, "बरं होतं हं वहिनी" म्हणत आणि वर जात. मग वर गाणी सुरू होत. गाणी कसली, मावशींच्या मते ते पत्र्याच्या छपरावरून पिंपं ढकलणं होतं. मावशी झाडू उलटा धरून दांड्याने छतावर दोनदा ठोकत. वरचा आवाज लगेच कमी होई. दिराशी त्यांचं भांडण असं कधी झालं नाही, पण बोलणं म्हणावं तर ते बहुतेक या दांड्यामार्फतच चालायचं.

त्या संध्याकाळी मावशी चहाचे दोन कप घेऊन जिना चढल्या. भावजींनी दार उघडलं आणि ते गोंधळलेच.

"वहिनी, आवाज तर बंदच आहे."

"म्हणूनच आले. सुरू करा."

खोली बघून मावशी चकित झाल्या. त्यांना वाटलं होतं, ब्रह्मचाऱ्याची खोली, म्हणजे सगळा पसारा असेल. इथे भिंतभर फळ्या होत्या आणि फळ्यांवर कॅसेटी आणि रेकॉर्डी अशा ओळीने लावलेल्या, की औषधांच्या दुकानदाराने मान खाली घालावी. कुठे धुळीचा कण नाही. मावशींनी येण्याचं कारण सांगितलं. भावजींनी चहाचा कप खाली ठेवला, कानाची पाळी चोळली आणि विचारलं, "कुठून सुरुवात करू?"

"जिथून झाली तिथून."

मग भावजी बोलायला लागले. आधी अडखळत, मग सावकाश, मग थांबेचनात. त्यांनी एका कारखान्यातल्या पोराची गोष्ट सांगितली. गिटार वाजवणारा पोरगा. पत्रा कापायच्या कारखान्यात नोकरी. ती सोडून बँडबरोबर दौऱ्यावर जायचं ठरलेलं, कामाचा शेवटचा दिवस. दुपारी जेवायला घरी आला तो म्हणाला, आता परत जात नाही. आई म्हणाली, असं अर्धवट काम टाकू नये, जा. गेला. त्या दिवशी त्याला दुसऱ्याच कुणाच्या यंत्रावर उभं केलं, आणि यंत्राने त्याच्या दोन बोटांची टोकं नेली.

"अगं आई गं!" मावशींनी पदर तोंडाला लावला. "आईनेच परत पाठवलं?"

"आईनेच."

"काय वाटलं असेल हो त्या माउलीला!"

इतकी वर्षं ही गोष्ट माहीत असून भावजींना आईचा विचार शिवला नव्हता. मग त्यांनी पुढचं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, विसर आता गिटार. पोराने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, त्यावर जुन्या जाकिटाचं चामडं चिकटवलं. बोटांना त्रास कमी व्हावा म्हणून बारीक तारा वापरल्या, पुढे त्या सैल सोडल्या. तारा सैल केल्यावर सूर खाली उतरला, जड झाला. "आणि त्या जड आवाजातून हे सगळं निघालं, वहिनी." भावजींनी फळ्यांकडे हात केला.

पहिला भाग मावशींनी असा सांगितला, जणू तो पोरगा त्यांच्या मागच्या गल्लीत राहत होता. आईच्या जागी त्या इतक्या रमल्या, की काचेपलीकडे बसलेल्या तंत्रज्ञाने नाक पुसलं. मग गाणं सुरू झालं. पहिला धडाका कानावर आला आणि मावशींचा हात आपोआप वर गेला: कमी कर, कमी कर. तंत्रज्ञ आज्ञाधारक. त्याने गाणं इतकं खाली आणलं, की दूर कुठेतरी कुणी जिन्यावरून ट्रंक उतरवतंय असं वाटावं.

त्या संध्याकाळी भावजी जेवायला उतरले नाहीत. मावशी वर गेल्या.

"बरं नाही का?"

"बरं आहे." भावजी खिडकीकडे तोंड करून उभे होते. "गोष्ट फार छान सांगितलीत, वहिनी. गाणं मात्र मारलंत."

मावशींना राग आला. "अहो, ऐकणारी माणसं म्हातारी आहेत! एखाद्याचं काही बरंवाईट झालं म्हणजे?"

"मग गाणं लावूच नका. हे हळू लावायचं म्हणजे समुद्र बादलीत भरून दाखवायचा."

बोलून ते स्वतःच घाबरले. वहिनीला एवढं लांब वाक्य त्यांनी कधी ऐकवलं नव्हतं. मावशी दाराशीच उभ्या राहिल्या. निघून जावं, असं एकदा वाटलं. पण मान्य करायलाच हवं होतं, की ज्यावर त्या गावाला ज्ञान देत होत्या ते त्यांनी स्वतः एकदाही धड ऐकलं नव्हतं. त्या खुर्ची ओढून बसल्या.

"लावा. जसं ऐकायचं तसं लावा."

भावजींनी बटण फिरवलं. पहिल्या झटक्याला मावशींनी खुर्चीचे हात गच्च धरले. कपबशा किणकिणायला लागल्या. त्या डोळे मिटून बसल्या, दात काढून घ्यायला बसावं तशा. आणि मग थोड्या वेळाने त्यांना त्या गदारोळाखाली एक चाल ऐकू आली. सावकाश, घाई न करता पुढे सरकणारी. चार माणसांनी मिळून जड कपाट सरकवावं, एकाने 'हं' म्हणावं आणि बाकीच्यांनी जोर लावावा, तशी. मावशींचा पाय जमिनीवर पडायला लागला. त्यांनी तो थांबवला. तो पुन्हा सुरू झाला.

तेवढ्यात पायाखालून ठकठक ऐकू आली. खाली घड्याळजी झाडूच्या दांड्याने छत ठोकत होते.

मावशी ताडकन उठल्या, जिन्याच्या तोंडाशी गेल्या आणि ओरडल्या, "अहो, ठेवा तो झाडू! मी ऐकतेय ना!"

मागे भावजी हसत होते. आवाज न करता, खांदे हलवत. ते असे हसतात हेही मावशींना तेव्हाच कळलं.

दुसऱ्या भागापासून मावशींनी तंत्रज्ञाला सांगून टाकलं, "मी हात वर केला तरी बघू नकोस." गाणी पुऱ्या आवाजात गेली. फोन आले. एका आजोबांची तक्रार, ग्लासातली कवळी हलली. एका शिलाईवालीने कळवलं, की एरवी दिवस खाणारे पडदे गाण्याच्या नादात भराभर शिवून झाले. केंद्रप्रमुख बाई काळजीने दारात येऊन उभ्या राहायच्या, पण फोन वाजत होते तोवर त्यांनाही बोलायला तोंड नव्हतं.

तिसऱ्या भागात मावशींनी दोन बोटांच्या खुणेची गोष्ट सांगितली. मैफलीत हजारो लोक तर्जनी आणि करंगळी वर करून जी खूण करतात, ती एका गायकाने आजीकडून उचलली होती. आजी दृष्ट लागू नये म्हणून रस्त्याने जाताना ती करायची. "म्हणजे बघा," मावशी म्हणाल्या, "एवढे दांडगे केसाळ बाप्ये, आणि सगळे मिळून आजीचा तोडगा करतायत!" त्यावर गावातल्या आजीबाईंचे एवढे फोन आले, की दृष्टीच्या खुणांवरच उरलेला तास गेला. चौथ्या भागात एका बँडच्या ढोलवादकाची, म्हणजे ड्रमवाल्याची, गोष्ट आली. अपघातात त्याचा एक हात गेला, तर त्याने हाताचं काम पायांना शिकवलं आणि त्याच बँडमध्ये परत उभा राहिला. ते सांगताना मावशींनी स्वतः माइकसमोर दोन्ही पायांनी ताल धरायचा प्रयत्न केला. चप्पल उडून काचेवर आदळली. तंत्रज्ञाने तो आवाज तसाच जाऊ दिला.

आता भावजी जेवण झालं तरी खालीच बसत. भावजी सांगायचे, मावशी मध्येच विचारायच्या, "त्याची बायको काय म्हणाली?" किंवा "मग जेवायचे कुठे ते सगळे?" भावजींना उत्तर माहीत नसायचं आणि ते डोकं खाजवायचे. घड्याळजी भिंग डोळ्याला लावून काम करत ऐकायचे आणि एखाद्या वेळी म्हणायचे, "त्या ढोलवाल्याचं परत सांग रे." घर कसं भरल्यासारखं वाटायचं.

पाचव्या भागासाठी भावजी वरून एक बुटांचं खोकं घेऊन आले. आत कॅसेटी.

"वहिनी, या संगीताची मोठी गोष्ट ही आहे. तेव्हा हे रेडिओवर लागत नसे, आपल्याकडच्या दुकानांत मिळत नसे. मग ज्याच्याकडे रेकॉर्ड असेल तो कॅसेट भरायचा. त्यावरून दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा. टपालाने देशोदेशी जायच्या कॅसेटी. एकमेकांची तोंडं न बघितलेली माणसं एकमेकांना गाणी पाठवायची. असे कितीतरी बँड दुकानात यायच्या आधीच लोकांना पाठ झालेले."

"गावात बातमी पसरते तसं."

"तसंच. आणि बातमीसारखंच प्रत्येक तोंडाला थोडं बदलत जायचं. खरखर वाढायची."

खोक्याच्या तळाशी एक बिननावाची कॅसेट होती. भावजी ती बाजूला सारत होते. मावशींनी झडप घातली. "ही कुठली?"

"ती नको. ती खराब आहे."

"खराब आहे तर रुमालात कशाला गुंडाळलीय?"

भावजी लाजले. मग त्यांनी ती लावली. आधी खरखर. मग बादली कुठेतरी आपटल्याचा आवाज. मग स्वच्छ, खणखणीत, मान उंचावून आरवलेला कोंबडा. कुणीतरी दबक्या आवाजात 'शुक्! शुक्!' म्हणालं, आणि त्यावर गिटार कोसळलं.

मावशी हसून हसून खुर्चीत मागे पडल्या. भावजी मात्र गंभीर होते. "ही मला कारखान्यातल्या एका जोडीदाराने दिली. त्याला त्याच्या मावसभावाने. त्याला कुणी, ते माहीत नाही. गावात जे कुणी हे संगीत ऐकायचे त्या सगळ्यांकडे हीच होती. आम्ही भरणाऱ्याला 'कोंबडेवाला' म्हणायचो. दाढीबिढी असलेला, मोठा जाणता माणूस असणार, असं धरून चाललो होतो. पुढे मी मूळ रेकॉर्ड विकत घेतली, वहिनी. एकदम स्वच्छ. पण ती मला घाईघाईत वाजवल्यासारखी वाटते. आणि कोंबडा नाही म्हटल्यावर सुरुवातच होत नाही."

"उद्या हीच लावायची," मावशी म्हणाल्या.

"लोक हसतील."

"हसू देत की! दुपारी हसायला काय हरकत आहे?"

दुसऱ्या दिवशी मावशींनी कॅसेटींची सगळी कहाणी सांगितली आणि शेवटी तंत्रज्ञाला खूण केली. खरखर, बादली, कोंबडा. गाणं संपायच्या आत फोनचा लाल दिवा लुकलुकायला लागला. मावशींनी फोन जोडून घेतला.

"बोला, दुपारच्या मावशी बोलतायत."

पलीकडे क्षणभर नुसता शिलाई मशीनचा घरघराट. मग तो थांबला. एका बाईचा जाडसर, घोटीव आवाज आला.

"मावशी, तो कोंबडा आमचा आहे."

मावशी माइकवर ओणव्या झाल्या. "तुमचा म्हणजे?"

"आमच्या घरचा. पांढरा होता, शेपटी तेवढी काळी. महा आगाऊ. आणि ते 'शुक् शुक्' करतेय ती मी."

"अहो बाई, कोण तुम्ही? जरा नीट सांगा!"

बाई बस डेपोमागे गाड्यांच्या सीटा शिवायच्या. गावात त्यांना सीटवाली म्हणत. त्या शाळेत असताना त्यांचे थोरले भाऊ जहाजावर नोकरीला होते. त्यांनी परदेशातून ही रेकॉर्ड आणली. पण घरात असला गोंगाट वडिलांना चालणार नव्हता. म्हणून सीटवालीने शेजारून रेकॉर्डप्लेअर मागून आणला, लांबलचक वायर ओढून तो कोंबड्यांच्या खुराड्यात नेऊन ठेवला, समोर बॅटरीवरचा टेपरेकॉर्डर मांडला आणि दार लावून घेतलं.

"खुराड्यात!" मावशी म्हणाल्या.

"दुसरी जागाच नव्हती. मी बटण दाबलं, तेवढ्यात बादली लाथाडली गेली आणि हा पठ्ठ्या रेकॉर्डप्लेअरच्या झाकणावर चढून आरवला. पुन्हा भरायला वेळ नव्हता. वडील यायचे होते."

"त्यांना कळलं नाही?"

"कळलं की. कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटायचं राहतं का? पण मी तशीच रोज रेकॉर्ड लावत राहिले आणि त्या आठवड्यात अंडी जास्त मिळाली. मग ते काही बोलले नाहीत."

काचेपलीकडे तंत्रज्ञ टेबलावर डोकं ठेवून हसत होता. सीटवालीने ती कॅसेट एका मैत्रिणीला दिली होती, मैत्रिणीने कुणाला तरी. पुढे तिचा पत्ता लागला नाही. "मला वाटलं, कुठेतरी गुंता होऊन संपली असेल. आत्ता मशीनवर बसले होते, आणि आमचा कोंबडा रेडिओवर! सुई मोडली हो माझी."

तो फोन ठेवतात न ठेवतात तो पुढचा. बेकरीत भट्टीवर असणारा एक गृहस्थ. "माझ्याकडे पण तो कोंबडा आहे!" मग एक गणिताच्या शिक्षिका. मग अॅम्ब्युलन्सचा चालक, त्याने तर कोंबड्याची हुबेहूब नक्कल करून दाखवली. आता आपण एकटेच हे वेड घेऊन उरलोय असं ज्याला त्याला वाटत होतं, आणि सगळे एकाच खुराड्यातले निघाले. त्या दिवशी हरवलेल्या मांजरांच्या बातम्या राहूनच गेल्या.

मावशी घरी आल्या तेव्हा भावजी फाटकातच उभे होते. कारखान्यात पर्यवेक्षकाने रेडिओ मोठा केला होता आणि सगळ्यांनी हातातलं काम थांबवून ऐकलं होतं.

"मुलगी होती, वहिनी?" ते म्हणाले. "शाळकरी मुलगी?"

"मुलगी होती. आणि रविवारी आपल्याकडे चहाला येतेय. मी बोलावलंय."

भावजींचा चेहरा असा झाला, की कुणीतरी त्यांच्यासमोर भलं मोठं पान वाढलंय आणि हात धुवायला पाणीच नाही. रविवारी त्यांनी सकाळपासून तीनदा शर्ट बदलला. मावशींच्या जिभेवर काहीबाही येत होतं, पण त्यांनी ते गिळलं. अशा वेळी बोललेल्या शब्दाने आटत आलेलं दूध नासतं, हे त्यांना अनुभवाने माहीत होतं.

सीटवाली आली ती सायकलवरून. ठेंगणी, दणकट, केस अर्धे पांढरे, बोटांना जाड सुईचे घट्टे. तिचे यजमान काही वर्षांपूर्वी वारले होते, मुलगी लग्न होऊन परगावी. बगलेत ती मूळ रेकॉर्ड, कडा झिजलेल्या पाकिटात. भावजींनी ती दोन्ही हातांनी घेतली. नमस्कार-चमत्कार झाले, चहा झाला, आणि मग दोघंही गप्प. घड्याळजी एकदा याच्याकडे बघत, एकदा तिच्याकडे, टेनिसचा सामना बघावा तसे.

शेवटी भावजींनी घसा खाकरला. "एक विचारू? तुमच्या कॅसेटवर गाणं इतकं जड येतं. मी विकत घेतलेल्या रेकॉर्डवर ते तसं नाही. असं का?"

सीटवाली कपाळावर हात मारून हसायला लागली. "अहो, ती वायर! घरापासून खुराड्यापर्यंत मी कुठकुठले तुकडे जोडून नेली होती. तिकडे पोचेपर्यंत विजेत दमच उरत नसे. तबकडी हळू फिरायची. गाणं हळू झालं आणि सूर खाली उतरला."

भावजी थक्क होऊन बघत राहिले. "म्हणजे आम्ही इतकी वर्षं जे ऐकत होतो, ते कुणी वाजवलंच नव्हतं?"

"वाजवलं होतं की," सीटवाली म्हणाली. "आमच्या खुराड्यात."

मग जे दोघं हसले, ते बघून मावशींनी घड्याळजींना कोपराने ढोसलं आणि "साखर संपलीय, जरा चला बरं माझ्याबरोबर" म्हणून स्वयंपाकघरात नेलं. डबा साखरेने गच्च भरलेला होता. घड्याळजी तो उघडून म्हणाले, "आहे की ही." मावशींनी डबा त्यांच्या हातातून काढून घेतला.

बाहेर वाद सुरू झाला होता. कुठला ढोलवादक मोठा, कुठल्या बँडने नंतर वाट सोडली. भावजींचा आवाज चढला होता. सीटवालीचा त्याहून. मावशी भिंतीला टेकून ऐकत राहिल्या. आपल्या अबोल दिराला कुणाशी तरी असं तावातावाने भांडताना ऐकून त्यांना फार बरं वाटलं.

सहावा भाग सीटवालीने आणि मावशींनी मिळून केला. भावजी माइकसमोर यायला काही केल्या तयार झाले नाहीत. ते काचेपलीकडे तंत्रज्ञाशेजारी बसले आणि सीटवालीने एखादं साल चुकवलं की काचेवर टकटक करायचे. "हे बघा, मास्तर चिडले," असं ती श्रोत्यांना सांगायची. मालिका संपली तशी केंद्रप्रमुख बाईंनी ती आणखी वाढवली. वाद्यांच्या दुकानदाराचं तर म्हणणं होतं, एक आजोबा गिटारची चौकशी करून गेले.

पुढे दर महिन्याच्या एका रविवारी दुपारी कोंबड्याची कॅसेट बाळगणारी ही सगळी मंडळी सीटवालीच्या डेपोमागच्या कारखान्यात जमायला लागली. तिथे बसायची ददात नव्हती. दुरुस्तीला आलेल्या बसच्या सीटा ओळीने मांडलेल्या, काही नव्या कातड्याच्या, काही नुसत्या स्प्रिंगांच्या. बेकरीवाला गरम पाव आणायचा, शिक्षिका थर्मास आणायच्या, अॅम्ब्युलन्सचा चालक कामावर नसला की यायचा. खिडकीच्या बाजूची सीट घड्याळजींची. भावजी सकाळीच जाऊन तारा-बिरा जोडून ठेवत. त्यासाठी एवढ्या सकाळी जायची गरज आहे का, असं कुणी विचारलं नाही.

अशाच एका रविवारी सीटवालीने विचारलं, "मावशी, इतकं ऐकलंत, इतकं सांगितलंत. तुम्हाला स्वतःला यातलं कुठलं आवडतं?"

मावशींनी पावाचा तुकडा खाली ठेवला. हा प्रश्न त्यांना अजून कुणी विचारला नव्हता. त्यांनी विचार केला आणि एक गाणं सांगितलं.

भावजींनी आणि सीटवालीने एकमेकांकडे बघितलं.

"ते?" भावजी म्हणाले. "वहिनी, ते फारच मवाळ आहे हो."

"लग्नात वाजवतात तसलं आहे ते," सीटवाली म्हणाली.

"मवाळ तुमच्या कानांना!" मावशींनी कमरेला पदर खोचला. "त्यात मधे तो गिटारवाला एकटाच वाजवत जातो, बाकीचे थांबतात, त्याची वाट बघतात, आणि मग सगळे मिळून त्याला उचलून घेतात. तुम्ही नीट ऐकलंच नाही कधी. लावा बघू. आणि आवाज असा नको, मोठा करा."

भावजी उठले. सीटवालीने रेकॉर्ड पाकिटातून काढून त्यांच्या हातात दिली. आणि गाणं चालू असताना एक अक्षर बोलायचं नाही, असा मावशींनी सगळ्यांना दम भरला.